पौषातलं कुंकू

माझं कुंकू पौषात लागलं. आमच्याकडच्या बायांना एवढं वाक्य पुरतं, पुढचं त्या लगेच विचारतात: काहून, अशी काय अडचण पडली होती? पौषात आमच्या भागात कोणी सोयरीक करत नाही, मुलगी दाखवत नाही, नव्या घराचा दगड बसवत नाही. माझं लागलं, कारण ते खोटं होतं. पुढे ते खरं करावं लागलं, आणि ज्याच्या नावानं ते लागलं होतं त्याच्यावर एका मोठ्या माणसाच्या खुनात फितुरी केल्याचा संशय होता. काही घरांत तो अजूनही आहे. माझ्या घरात नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणूनच हे प्रकरण लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. आता लिहिते. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहीन, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून. अंदाजाला अंदाजच म्हणेन.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडे, पूर्णेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाशी. घर धाब्याचं, मातीचं, पुढे गोठा आणि मागे जमिनीत ज्वारीची पेवं. त्या वर्षांची आठवण काढली की मला पहिल्यांदा आवाज आठवतात. पहाटे मायच्या जात्याचा, मग गोठ्यात दादा, म्हणजे माझे वडील, बैलांशी बोलत त्याचा, आणि मधूनच येणारा लोखंडी गजाचा. लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, धान्य न्यायला सरकारी माणसं आली की ती अंगणात, परसात, तुळशीच्या ओट्याखालीसुद्धा गज खुपसून पेव शोधत. गज मातीत शिरला तर आवाज वेगळा, पेवाच्या पोकळीत शिरला तर वेगळा. माय चुलीपुढे बसून नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि भाकरी थापता थापता थांबायची. आमचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. गज बरोबर जागी लागला त्या वर्षी चटणी राहिली आणि भाकरी बारीक झाली. खाकी कपडे घालून बंदुका घेतलेली टोळकी गावोगाव फिरत होती. ती कोणाची, कोणाच्या हुकमानं फिरतात, हे लोक हळू आवाजात बोलत. आणि हळू बोलताना समोरचा आपला आहे का, हे आधी पाहत. माणसानं माणसाकडे तसं पाहायची सवय आमच्या गावाला त्याच वर्षांत लागली.

लिंबाजीअण्णा आमच्या घरी येऊ लागले ते या दिवसांत. ते भोकरदनकडचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे. लहानपणीच जालन्याला एका कापसाच्या अडतीवर तोलारी म्हणून लागले. काट्यावर शेतकऱ्याला कसं मारतात ते रोज डोळ्यांनी पाहिलं, आणि एक दिवस भर बाजारात काटा हातात धरून ओरडून सांगितलं. नोकरी तिथंच गेली. मग उर्दू शिकून घेतली आणि झाडाखाली बसून गावकऱ्यांचे अर्ज लिहू लागले. अर्ज लिहिता लिहिता सभा, सभेतून तुरुंग. तुरुंगातून आले तेव्हा एका कानानं कमी ऐकू येत होतं. ते कसं झालं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण त्यामुळे ते मोठ्यानं बोलत आणि त्याहून मोठ्यानं हसत. गुळाचा चहा लागे, बशीभरून. लेव्ही देऊ नका, असं उघड म्हणणारा आमच्या भागातला तो पहिला माणूस. पकडायला माणसं सुटल्यापासून ते लपून फिरत.

अण्णा कोणावरही विश्वास ठेवत नसत, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण आता त्यांच्या पुण्यतिथीला जी भाषणं होतात त्यांत ते भोळे, सगळ्यांवर भाबडेपणानं विसंबणारे होते असं सांगतात. तसं बिलकुल नव्हतं. पूर्वेकडून येतो म्हणायचे आणि पश्चिमेकडून यायचे. जिथं जेवत तिथं झोपत नसत. दादांना एक गोष्ट अर्धी सांगत आणि उरलेली अर्धी दुसऱ्या गावात दुसऱ्याला. माय पाणी द्यायची तर कोणत्या विहिरीचं म्हणून विचारत. फक्त एका बाबतीत त्यांना सावधगिरी सुचत नसे, ती म्हणजे मुहूर्त. मुहूर्ताचा त्यांना राग होता. स्वतःचं लग्न त्यांनी पौषात, अमावस्येला केलं होतं आणि झाडून साऱ्या ओळखीच्यांना जेवायला बोलावलं होतं. पुढे पौषात, पितृपंधरवड्यात त्यांनी हट्टानं लोकांची लग्नं लावून दिली. तालुक्यात त्यांची तीच ओळख आधी होती, पुढारी म्हणून नंतर.

त्या पौषात आसपासच्या गावांतली दहा-बारा माणसं एकत्र बसायला हवी होती. लेव्ही सगळ्यांनी मिळून नाकारायची का, आणि नाकारली तर बायकापोरांना राज्याच्या हद्दीपलीकडे कुठं न्यायचं, हे ठरवायचं होतं. एवढ्या गाड्या एका गावात येणार म्हणजे काहीतरी निमित्त हवं. अण्णा गोठ्यात बाजेवर बसून दादांशी बोलत होते. माय दाराआड होती, मी तिच्या मागे.

"हुरड्याला बोलावलंय म्हणा ना," माय म्हणाली. "ह्या दिवसांत गाड्या हुरड्यालाच येतात."

"वहिनी, हुरड्याला पोलिसांचा अमीन बी येतो, पटवारी बी येतो. बोलवावं लागत न्हाई, वासानं येतात." अण्णा मोठ्यानं हसले. "सोयरीक म्हणा. तिथं परका माणूस आत बसत न्हाई. सोनाजी, तुझी गोदा हाय की लग्नाची."

दादांनी दाराकडे पाहिलं.

"मंग पौष सरू द्या," माय म्हणाली.

"लेव्हीवाले पौष पाळून राह्यले का?"

"ते पाळत नसतील. गाव पाळतं."

"गावाला सांगा, लिंबाजीनं पंचांग फाडलं."

"अन् पोरीच्या कपाळाचं काय?"

"कुंकू हाय वहिनी, गोंदण न्हाई. धुतलं की गेलं."

दादांना हसू आलं. मायनं हातातलं फडकं जमिनीवर टाकलं आणि आत गेली. कुंकू धुण्याची भाषा आमच्याकडे कोणी थट्टेतसुद्धा करत नाही. मला कोणी काही विचारलं नाही. मी पंधरा वर्षांची होते. विचारायची पद्धतही नव्हती.

नवरदेव म्हणून अण्णांनी जो मुलगा आणला तो त्यांची धमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, हाकणारा होता. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहायला हरकत नसावी: रंगनाथ. ओढ्यापलीकडच्या गावचा, वडील नसलेला, घरी आई आणि दोन चांगले बैल. अण्णांना या गावाहून त्या गावी पोचवायचं काम बरेच महिने त्याच्याकडे होतं. म्हणजे अण्णा आज कुठं आहेत हे पक्कं माहीत असणारा माणूस तो एकच. हे पुढे सगळ्यांनी बोट ठेवून दाखवलं, आणि ते खरं होतं.

सोयरिकीच्या दिवशी मला हिरवं लुगडं नेसवलं. आदल्या दिवशी मायनं कासारणीला बोलावून बांगड्या भरल्या होत्या, कारण खोटं करायचं तर पुरतं करावं, असं तिचं मत. सकाळपासून गाड्या आल्या. पुरुष माजघरात बसले, दार लोटलं. गावातल्या बाया ओसरीवर बसल्या. एरवी अशा वेळी बाया गाणी म्हणतात, नवरीला टोमणे मारतात, मुलाच्या आईचं लुगडं कोणत्या पेठेतलं हे विचारतात. त्या दिवशी एकीनं तोंड उघडलं नाही. त्या एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटी शेजारची सुभद्रामावशी म्हणाली, "गोदे, पौषात आम्ही म्हैस बी विकत न्हाई गं."

"तुमची म्हैस कोणी घेईल तव्हा ना!" मायनं उत्तर दिलं आणि दोघी-तिघी हसल्या. पण ते हसणं लगेच विझलं. तेवढ्यात आतून अण्णांचं ते हसणं ऐकू आलं. ते मुलाचे मामा म्हणून आले होते, मोठं पागोटं आणि चष्मा लावून. सुभद्रामावशी हळूच म्हणाली, "मामा लय हसतात बाई." सगळ्यांनी पदरात साखर घेतली आणि खाली मान घालून खाल्ली. मला तेव्हा वाटलं की पौषामुळे त्यांना अशुभ वाटतं आहे. आज वाटतं, त्या दिवशी ओसरीवरच्या एकूण एक बाईला माजघरात कोण आहे ते कळलेलं होतं.

रंगनाथच्या आईनं मला कुंकू लावलं. तो स्वतः लाल फेटा बांधून खांबाला टेकून बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, मी मात्र पाहिलं. पायाला भेगा आणि चेहरा झोप न झालेल्या माणसाचा. पुरणपोळ्या झाल्या, आमटी झाली. बैठक झाली. गाड्या एकेक करून वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. दुपार उतरायला लागली तेव्हा रंगनाथच्या आईला दुसऱ्या गाडीनं पुढे पाठवलं, आणि शेवटी अण्णा धमणीत बसले. रंगनाथ पुढे. अण्णा मायला म्हणाले, "वहिनी, पोळी झकास होती. आता घ्या पोरीचं कपाळ धुऊन." माय म्हणाली, "तुम्ही गावाची शीव ओलांडा, मंग धुते."

ती भांडी घासायला बसली होती. ओढ्याच्या अंगानं दोन बार ऐकू आले, मग थोड्या वेळानं आणखी एक. दादा म्हणाले, "कोणीतरी डुकरावर टाकला असन." पण ते उठून उभे राहिले होते.

धमणी परत आली तेव्हा रंगनाथ बैलांच्या पुढं चालत होता, कासरा खांद्यावर. मागे गोधडीवर अण्णा. छातीत आणि मानेजवळ लागलं होतं. डोक्याचं पागोटं कुठंतरी पडलं होतं आणि चष्मा मात्र जागेवर होता. रंगनाथच्या अंगावर रक्त होतं, पण ते त्याचं नव्हतं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. ही गोष्ट अंगणात जमलेल्या प्रत्येकानं पाहिली. मी पाहिलं की ते पाहत आहेत. संध्याकाळी मी कपाळ धुवायला गेले तेव्हा मायनं माझा हात धरला. "अंगणात मुडदा असताना कुंकू धुतेस? राहू दे." मग ते राहिलंच.

दिवस झाल्यावर अण्णांच्या मागे काम सांभाळणारे वकीलसाहेब आमच्या घरी आले. शिकलेले, शांत गृहस्थ. रंगनाथला समोर बसवलं. मी आतून ऐकलं, ते जवळजवळ शब्दाला शब्द सांगू शकते.

"बैल जुवातून निघाला तो नेमका ओढ्यातच?"

"ओढ्यातच. चढावर."

"आणि तू खाली उतरलास."

"उतरल्याशिवाय जुपता येत न्हाई, साहेब."

"डोक्याला फेटा होता तुझ्या. लाल. नवरदेवाचा."

"अण्णांनी सोडायला लावला. झाडीत दुरून दिसतो म्हणले."

"तुला का सोडलं बंदूकवाल्यांनी?"

"एकानं धरली होती बंदूक. दुसरा म्हणला, छोड दो, गाडीवान है."

"तू गाडीवान आहेस हे त्यांना काय माहीत?"

"गाडी मीच हाकत होतो ना."

माजघरात कोणीतरी हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. "गाव सोडून जाऊ नकोस," एवढंच म्हणाले. पण त्यांच्याबरोबरची दोन पोरं आमच्या विहिरीवर पाय धूत होती. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "ह्याला कशाला ठेवायचा? जल्दी मिटवून टाकू." मी घागर घेऊन तिथंच उभी होते. मला पाहून दोघं गप्प झाले, आणि मग एकानं माझ्या कपाळाकडे पाहिलं.

त्यानंतरचे महिने मला नको वाटतात. संशय एका घरात थांबत नाही. ताक न्यायला येणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या. दादा मायकडे पाहायचे, कासारणीला तिनं बोलावलं होतं म्हणून. माय दादांकडे पाहायची, ते बाजारात कोणाशी बोलले असतील म्हणून. मी दोघांकडे. रात्रंदिवस एकच: कोणाला माहीत होतं? माजघरातल्या प्रत्येकाला आम्ही आपापल्या मनात एकेक करून उभं करत होतो आणि बसवत होतो. रंगनाथला कोणीच बसवत नव्हतं. त्याची बायको व्हायची मी, असं मात्र गावानं धरलं होतं. दोन ठिकाणांहून विचारणा आली. पहिल्यांनी कुंकू कोणाचं विचारलं, दादांनी खरं ते सांगितलं, ते पाणी पिऊन गेले. दुसरे पाणीही न पिता गेले.

उन्हाळ्यात कासारीण मथुराबाई पुन्हा आली. मायनं तिला ओसरीवर चढू दिलं नाही. "तूच बोंबललीस गावोगाव, माझ्या पोरीला चुडा भरला म्हणून."

मथुराबाई पायरीवरच बसली. तिला राग आला नाही, नवल वाटलं. "अगं, मी कोणाला सांगणार? लोकांनीच मला सांगितलं. हसनाबादच्या वाटेवर दोघी भेटल्या, त्या म्हणल्या, सोनाजीच्या घरी पौषात कुंकू हाय, म्हंजी अण्णाच असतील तिथं. पुढच्या गावात बी तेच. पौषात सोयरीक करणारा माणूस ह्या भागात दुसरा हाय कोण?"

माय तिच्याकडे पाहत राहिली. मी दाराला धरून उभी होते आणि मला एकदम सगळं सरळ दिसलं. आम्ही माणसं लपवली, गाड्या लपवल्या, मामाला चष्मा लावला. पण सोयरीक लपवण्यासाठी नसते, ती सांगण्यासाठी असते. शेजारणींना बोलवावंच लागतं. आणि महिना असा धरला की नुसतं ऐकणाऱ्यालाही आत कोण आहे ते कळावं. बंदूकवाल्यांना फितूर लागलाच नसेल. पाणवठ्यावर थोडा वेळ उभं राहिलं असतं तरी पुरे होतं.

दादांना मी ते सांगितलं तेव्हा ते बराच वेळ सुपातली ज्वारी चाळवत राहिले. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडे गेले. परत आले ते पडेल चेहऱ्यानं. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "म्हणजे अण्णा स्वतःच्या हेक्यापायी गेले, असं म्हणता?" आणि लगेच बजावलं होतं, "हे दुसऱ्या कोणाला बोलू नका, सोनाजी." एवढं मात्र झालं की त्या पोरांना त्यांनी आवरलं. आज आमच्या गावच्या चावडीपुढे अण्णांच्या नावाचा दगड आहे. त्यावर 'फितुरांच्या विश्वासघाताने' असं कोरलं आहे. नाव कोणाचं नाही, पण वाचणारा ते आपल्या मनानं भरतो. दरसाल तिथं हार घालतात. आमच्या घरी बोलावणं येत नाही.

मी मात्र मथुराबाईचं ऐकून मोकळी झाले असं नाही. पौषामुळे घर कळलं असेल. पण ओढा? वाट? वेळ? गावातून गाडी निघताना कोणीही पाहिली असेल, हे खरं. आणि तो नेमका खाली उतरला होता, हेही खरं. दोन्ही खरंच होतं.

फौज आली, राज्य बदललं, लेव्हीचे गज गेले. पाऊस उघडल्यावर एक दिवस रंगनाथ आमच्या दारात आला. भर दुपारी, सगळ्यांना दिसेल असा. ओसरीखालीच उभा राहून दादांना म्हणाला, "मामा, सोयरीक मोडून राह्यलो. खोटीच होती. गावापुढं मीच सांगतो, पोरीचा काही संबंध न्हाई. तुम्ही दुसरीकडं पाहा."

दादा म्हणाले, "बस तर खरं."

तो बसला नाही. मी दाराच्या आतून विचारलं. पुरुषांपुढे असं बोलायची माझी पहिलीच वेळ. "बैल निघाला तव्हा जुपणी तुटली का सुटली?"

जुपणी म्हणजे बैलाची मान जुवाशी धरून ठेवणारी दोरी. दादा वळून माझ्याकडे पाहू लागले. रंगनाथनंही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"सुटली," तो म्हणाला.

"बांधली कोणी होती?"

"मीच. तुमच्या अंगणात, निघताना. गाठ बराबर बसली न्हवती."

"हे वकिलाला काहून न्हाई सांगितलं?" दादा ओरडले.

"त्यांनी विचारलं न्हाई."

ती जुपणी रक्तानं भरली म्हणून त्याच दिवशी गोधडीबरोबर जाळली होती. मी जाळताना पाहिली होती. म्हणजे तपासणारं कोणी नव्हतं. जुनी दोरी झिजून तुटते, त्यात कोणाचा दोष नसतो. 'तुटली' म्हणायला त्याला काय लागत होतं? त्यानं सुटली सांगितलं आणि गाठ आपल्या हातची सांगितली. लबाड माणूस असं उत्तर देईल का, हे मी दाराशी उभं राहून तोलून पाहिलं. किंवा असंही असेल की तो माझ्यापेक्षा हुशार होता. तेही मी तोललं. एक पारडं थोडंसं खाली गेलं, फार नाही.

"गावानं साखर खाल्ली हाय," मी म्हणाले. "ती माघारी कशी घेणार?"

माय आतून म्हणाली, "गोदे!" दादा ओसरीच्या कडेला खाली बसले.

लग्न माघात झालं, पंचांग पाहून. त्यांच्याकडची पाच-सात माणसं, आमच्याकडची त्याहून कमी. खरी अडचण पाठवणीला आली. नवरीबरोबर पाठराखीण जाते, ती नवरीच्या गाडीत बसते, आणि गाडी तर तोच हाकणार होता. दुसरा हाकणारा मिळाला नव्हता. सुभद्रामावशी म्हणाली, माझी पोर तापली हाय. दुसरी म्हणाली, मला गाडी लागते. त्या गाडीत मागच्या वेळी कोण बसलं होतं हे कोणी बोलून दाखवलं नाही. माय रडायला लागली.

तेव्हा पार्वताकाकू आल्या. अण्णांच्या बायको. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, विधवेला पाठवणीला बोलवतही नाहीत. हातात एक बोचकं होतं. "मी जाते पाठराखीण म्हणून," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्ही?" माय म्हणाली. "लोक काय…"

"आमच्या घरी मुहूर्त पाळत न्हाईत." त्यांनी रंगनाथकडे पाहिलं नाही, पण आवाज त्याला ऐकू जाईल असा होता. "अन् मी इश्वास हाय म्हणून येत न्हाई. मला तो ओढा पाहायचाय, अन् तिथं ह्याचं तोंड पाहायचंय."

त्यांच्या चढण्यासाठी त्यानं जू दाबून धरलं.

बाकीच्या गाड्या पुढं गेल्या होत्या. ओढ्याच्या चढावर काकू म्हणाल्या, "थांबव. कुठं उभी होती गाडी?"

त्यानं धमणी थोडी मागे घेतली. "इथं."

"तू कुठं होतास?"

तो उतरला. डाव्या बैलाच्या मानेशी जाऊन वाकला, दोन्ही हात जुवाखाली. काकू उतरल्या, त्याला बाजूला सारलं आणि त्याच जागी, तशाच वाकल्या.

"गोदे, तुला बाभळी दिसतात का तिथून?"

मी अण्णांच्या जागेवर बसले होते. समोरच्या दरडीवरच्या बाभळी स्पष्ट दिसत होत्या, बुंधे, खालचं गवत, सगळं. "दिसतात."

"माणसं बसली असती तर दिसली असती?"

"दिसली असती, काकू."

त्या वाकलेल्याच राहिल्या. "इथून न्हाई दिसत. बैलाचं वशिंड आडवं येतं." मग सरळ झाल्या आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजी ह्यांनी पाहिलं होतं. काही बोलले का?"

रंगनाथ कासऱ्याला धरून उभा होता.

"म्हणले, वर पाहू नको. बांधत राह्य."

"एवढंच?"

"एवढंच. मला वाटलं, गाठीचं सांगून राह्यले."

"कोणाला सांगितलं न्हाईस."

"कोणी खरं मानलं असतं, काकू? अण्णांनी मला वाचवलं, असं मी म्हणायचं?"

पाणी वाहत होतं. काकू खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. ज्या माणसानं आयुष्यात कोणावर विश्वास ठेवला नाही, त्याचे शेवटचे शब्द हे असतील का, हे त्याच्याबरोबर संसार केलेल्या बाईलाच ठाऊक. त्यांनी काय ठरवलं ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही, पुढेही नाही. आता आम्ही नवीन जालन्यात राहतो, मुलगा बियाण्याच्या कंपनीत आहे. मी हे लिहिते आहे आणि आमचे हे बाहेर खुर्चीवर बसून पेपर वाचत आहेत. मी त्यांना ते वाक्य पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं तर तसंच सांगतील की एखादा शब्द बदलेल, याची मला धास्ती वाटते.

काकू गाडीत चढून माझ्याजवळ बसल्या. पदर सारखा केला. "जुपण्या पाहून घे," त्या त्याला म्हणाल्या. "मंग हाक."

त्यानं दोन्ही बाजूंच्या गाठी पाहिल्या. मग मी खाली उतरले, दोन्ही हातांनी त्या ओढून पाहिल्या, आणि वर येऊन बसले.